काकाकुव्याचं कोकिळाव्रत

माझं कोकिळाव्रत एका परदेशी पक्ष्यानं मोडलं, असं आमच्या कॉलनीत अजून सांगतात. हळदीकुंकवाला कुणाची नवी सून आली की तिच्या कानात कुजबुजतात, "ह्याच त्या." मग ती बिचारी माझ्याकडे अशी बघते, की जणू पक्षी अजून माझ्या खांद्यावरच बसलाय. त्या पक्ष्याची बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून हे लिहिते. माझी बाजू मांडायचा विचार नाही. मी मुळातच हळू बोलते, आणि आमच्या घरात हळू बोलणाऱ्या माणसाचं म्हणणं मिक्सर थांबल्यावर ऐकायचं असतं. मिक्सर मीच चालवते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ज्या वर्षी अधिक आषाढ येतो त्याच वर्षी कोकिळाव्रत येतं, म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांतून एकदा. निज आषाढाच्या पौर्णिमेपासून श्रावणी पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे स्नान करायचं, पूजा करायची आणि कोकिळेचा आवाज कानावर पडल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही. आमच्या सासरच्या रीतीनं आवाज आला की आधी गच्चीच्या कठड्यावर पाखरांसाठी नैवेद्य ठेवायचा, आणि मग एकदाच जेवायचं, तेही तोंडातून शब्द न काढता. फळ म्हणजे अखंड सौभाग्य आणि जन्मोजन्मी हाच पती. मागच्या खेपेला भार्गवी लहान होती, म्हणून व्रत सासूबाईंनी केलं आणि मी त्यांचं पान वाढलं. त्यांनी ते पुरं केलं आणि पुढे मरेपर्यंत मला सांगितलं. पुढच्या अधिक आषाढाला मी असेन-नसेन, आणि असले तरी कानांनी दगा दिलेला असेल. माझ्या वाट्याला हे एकच होतं. माझे बाकीचे नेम, सोमवार, संकष्टी, चातुर्मासात वरून मीठ न घेणं, हे सगळे आपल्या हातातले. हे मात्र एका पाखराच्या घशावर अवलंबून.

मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण आमच्या ह्यांनी भाजी आणताना सांगितलं, आणि कराडात भाजी आणताना सांगितलेली गोष्ट दोन्ही नद्यांच्या पलीकडे जाते. संध्याकाळी मंगलताई आल्या. त्या पुढच्या इमारतीत राहतात, हायवेच्या अंगाला. तिथं गणपतीची मिरवणूकसुद्धा नीट ऐकू येत नाही.

"मीही धरतेय हो व्रत," त्या म्हणाल्या. "फक्त आमच्याकडे कोकिळा ऐकू येत नाही. तुमच्या मागं झाडं आहेत, शेत आहे. तुम्ही ऐकलं की मला मिस्ड कॉल द्या."

"पण कानावर पडायला हवा ना आवाज?" मी म्हटलं.

"तुमच्या पडला की माझ्या पडल्यासारखाच. आपण का परक्या आहोत?"

नारायणगुरुजींना विचारलं. ते स्कूटर लावत होते. एक पाय जमिनीवर, एक वर, अशा अवस्थेत त्यांनी निर्णय दिला, "भाव महत्त्वाचा." गुरुजी हे सगळ्यालाच म्हणतात. भाव महत्त्वाचा म्हटल्यावर आणखी तिघींनी नावं दिली. माझ्या एका कानावर अशी पाच जणींची पोटं लागली.

आणि सहावं पोट आमच्या ह्यांचं. हे पाटबंधारे खात्यात होते. आयुष्यभर कालव्याचं पाणी वेळापत्रकाप्रमाणे सोडलं, त्यामुळे दुपारचं जेवणही पाण्यासारखं ठरल्या वेळी सुटावं अशी त्यांची अपेक्षा. त्यातून साखरेचं निदान झालेलं. नैवेद्याआधी घरात कुणाचंच पान वाढायचं नाही, ही सासूबाईंची शिस्त. ह्यांनी कोशिंबिरीला हात लावला तरी त्या माउलीनं चमचा मारलेला मी पाहिलाय. नैवेद्य झाल्यावर मात्र ह्यांनी हवं तर स्वतःचं स्वतः वाढून घ्यावं, त्याला शास्त्राची ना नव्हती. पण हातानं वाढून घेणं हे निवृत्तिवेतनधारकाच्या अधिकारात बसत नाही, असं ह्यांचं मत आहे.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. कोकिळा सकाळी सकाळीच ओरडायची. मी देवाजवळ हात जोडायची, नैवेद्य ठेवायची आणि मग मोबाइल घेऊन मिस्ड कॉल द्यायला बसायची. मंगलताई एक रिंग जाऊ द्यायच्या नाहीत, मधेच उचलून विचारायच्या, "नक्की ऐकलंत ना?" आणि माझा रुपया जायचा.

मग पाऊस लागला आणि कोकिळा गप्प झाली.

दूधवाला केरबा म्हणाला, "आवं काकू, आता कशाला वरडंल ती? अंडी घालून मोकळी झाली कावळ्याच्या घरट्यात. तिचं काम झालं. आता तुमीच काय ते बघा."

मी काय बघणार? मी खिडकीशी बसून वाट बघायची. दुपार व्हायची, उन्हं कलायची. फोन वाजायचा. "अहो, झोपलात की काय? मला गरगरतंय इकडं," मंगलताई म्हणायच्या, जशी काही कोकिळा मी फ्रिजमध्ये ठेवली होती आणि मुद्दाम काढत नव्हते. हे वर्तमानपत्राची जाहिरातींची पानं वाचायचे, मग कोडं सोडवायचे, मग गॅसपाशी येऊन झाकणं उचलून बघायचे आणि एक खाकरा काढायचे. ह्यांचा खाकरा म्हणजे बोलायचं आहे पण बोलत नाही, याची नोंद. तो मी लग्नाच्या तिसऱ्या दिवसापासून ऐकत आलेय.

आणि एके दिवशी चमत्कार झाला. ह्यांच्या जेवणाच्या वेळेला अगदी थोडा अवकाश असताना वरून स्वच्छ, चढत्या सुरात कुहू, कुहू, कुहू. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी. तिसऱ्या दिवशीही. हळू बोलणाऱ्यांचं ऐकणारा कुणीतरी वर आहे, असं मी मंगलताईंना सांगितलं. वर खरंच कुणीतरी होतं. हे त्या वेळी रोज पाण्याची टाकी बघायला गच्चीवर जात. टाकी भर पावसाळ्यात एवढी काय बघायची, हे माझ्या मनात आलं नाही. उपाशी माणसाला श्रद्धा लवकर होते.

त्याच आठवड्यात मागच्या शेवरीवर तो पांढरा पक्षी येऊन बसला.

केरबानं पहिलं निदान केलं, "बगळा हाय. लय खाल्लेला बगळा." ह्यांनी कबुतर ठरवलं. मंगलताईंनी चपला काढून नमस्कार केला, कारण त्यांच्या मते तो राजहंस होता आणि तो माझ्या घरामागं का उतरावा हे त्यांना समजत नव्हतं. तेवढ्यात राजहंसानं डोक्यावर पिवळाधमक तुरा पंख्यासारखा उघडला आणि असा काही कर्कश ओरडला की मंगलताई अनवाणीच जिन्यानं खाली गेल्या.

माझी भार्गवी सिडनीला असते. संध्याकाळी तिला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती हसतच सुटली.

"आई, अगं हा आमच्याकडचा! इथं कावळ्यासारखे आहेत हे. कचऱ्याच्या डब्यांची झाकणं उघडतात मेले. थांब, नीट दाखव. तुरा पिवळा आहे ना? उघडला की पुढं वळतो? चोच काळी?"

"काळी."

"मग तोच, पिवळ्या तुऱ्याचा काकाकुवा. तुरा आखूड आणि चोच पांढरट असती तर दुसरी जात. आता जवळ आला की डोळा बघ. काळाभोर असेल तर नर, तांबूस तपकिरी असेल तर मादी."

"पण तो इथं कसा आला?"

"कुणाचा तरी पाळलेला सुटला असणार. इथं मात्र रानात थव्यानं असतात, शे-दोनशे. सकाळी एकानं हाक दिली की सगळे ओ देतात. झोप उडते."

दुसऱ्या दिवशी नैवेद्यावर कावळ्याआधी तोच आला. भाताची मूद सोडली आणि वाटीतला भिजवलेला हरभरा एक-एक करून पायात धरून, माणसानं लाडू खावा तसा खाल्ला. डोळा तांबूस होता. म्हणजे ती होती. पाय डावा होता. ही शेवटची गोष्ट मी मंगलताईंना सांगायला नको होती.

"डाव्यानं? नैवेद्य? डाव्यानं?"

"भार्गवी म्हणते, त्यांच्यात बहुतेक सगळेच डावखुरे असतात."

"म्हणूनच परदेशात राहतात," मंगलताईंनी निकाल दिला.

पुढे तिनं कॉलनी हातात, म्हणजे डाव्या पायात, घेतली. वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे तिला फार आवडायचे. एक उचलायची, तोडायची, टाकायची, दुसरा उचलायची. कपडे खाली चिखलात. मग टीव्हीच्या केबलची चव घेतली आणि मालिका ऐन लग्नात बंद पडली. मग माझ्या सागवानी खिडकीची चौकट. सगळ्यांचं म्हणणं एकच पडलं: नैवेद्य तुम्ही ठेवता, पक्षी तुमचा, बंदोबस्त तुम्ही करा. ह्यांनीही मान हलवली. मग मी, पोटात पहाटेच्या तीर्थापलीकडे काही नसताना, बंदोबस्ताला निघाले.

वनखात्यातल्या साहेबांनी विचारलं, "भारतीय आहे का?"

"नाही."

"मग आमच्या यादीत नाही. यादीत नाही म्हणजे आमच्या दृष्टीनं तो पक्षीच नाही."

"पण साहेब, तो झाडावर बसलाय."

"झाड आमचं आहे का?"

झाड सोसायटीचं होतं. जनावरांच्या दवाखान्यात विचारलं, आजारी आहे का. म्हटलं, नाही, उलट मीच बरी नाही. ते म्हणाले, तो आजारी पडला की आणा. नगरपालिकेत एक छापील अर्ज दिला, भटक्या कुत्र्यांसाठीचा. "कुत्रा खोडा आणि वर पक्षी लिहा," तिथल्या बाई प्रेमानं म्हणाल्या. पुढचा रकाना होता, चावला का. त्यात काय लिहावं कळेना. खिडकीला, असं लिहिलं. अजून उत्तर नाही.

घरी आले तर जेवणाची वेळ झालेली. जिना चढत होते, तोवर गच्चीवरून कुहू ऐकू आलं. वाटी घेऊन वर गेले. हे तिथं नव्हते; त्या दिवशी ते पेन्शनच्या कामाला बँकेत गेले होते. कठड्यावर काकाकुवा बसलेली. तिनं माझ्याकडे पाहिलं, तुरा उघडला, मान खाली-वर केली आणि चोच उघडून म्हणाली, कुहू. कुहू. कुहू. मग मोबाइलची बॅटरी संपत आल्यावर वाजते तशी टुंग. आणि मग खाकरा. ओला, जुना, लग्नाच्या तिसऱ्या दिवसापासूनचा.

मी वाटी घेऊन तिथंच पायरीवर बसले. तिनं पुन्हा सगळं क्रमानं म्हणून दाखवलं. कुहू, टुंग, खाकरा. काही विसरली नाही.

हे आले. मी पाणी दिलं आणि विचारलं, "कोकिळा मोबाइलमध्ये कशी घालतात हो?"

ह्यांनी आधी पाणी पिऊन घेतलं. "सोपं असतं. उतरवून घ्यायची."

"किती दिवस झाले?"

"हे बघ, डॉक्टरांनी वेळेवर जेवायला सांगितलंय."

"मला का तुम्हाला?"

"दोघांनाही. तुझी काळजी म्हणूनच केलं ना मी? पावसात छत्री घेऊन टाकीमागं उभा राहत होतो रोज. त्या पाखरालाही शेंगदाणे घालत होतो. त्याचं कुणाला काही नाही."

मी रागावले नाही. चातुर्मासात रागवायचं नाही, हाही एक नेम होता. स्वयंपाक झाकून ठेवला आणि चौघींना फोन केले, मिस्ड नव्हे, पूर्ण. कारण त्या माझ्या शब्दावर जेवल्या होत्या. मला वाटलं होतं, सगळ्या मिळून ह्यांना बोलतील. पाटबंधारे खात्याला जे जमलं नाही ते चार बायकांना जमेल.

मंगलताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचा आवाज भरून आला. "किती हो प्रेम भाऊजींचं! बायको उपाशी राहू नये म्हणून पावसात उभे राहिले. आमच्या ह्यांनी साधं चार्जिंगला नसतं लावलं माझ्यासाठी." आणि लगेच आवाज कोरडा करून, "पण तुम्हाला ओळखू नये? एवढे नेमधर्म करता, खरी कोकिळा नि खोटी कोकिळा कळत नाही? आम्ही तुमच्या भरवशावर जेवलो."

संध्याकाळी चौघी आल्या. ह्यांच्यासाठी वाटीत गुळाशिवायची खीर घेऊन आल्या. ह्यांनी संकोचानं नको नको म्हणत दोन वाट्या खाल्ल्या. माझ्याकडे बघून प्रत्येकीनं मान हलवली. गुरुजींनी चौघींना मोकळं केलं: भाव होता, जेवण झालं, उद्यापन करून टाका. त्यांनी मिळून उद्यापन केलं, आणि मला बोलावलं ते पुऱ्या लाटायला.

मी व्रत सोडलं नाही. झाले ते दिवस झाले, त्यांचं प्रायश्चित्त देवापाशी मागितलं. उरलेले दिवस तरी खरे जावेत, एवढंच होतं. पण आता नवीच अडचण. काकाकुवा दिवसभर कुहू करायला लागली होती. टुंग आणि खाकरा कधी करायची, कधी गाळायची. कोणतं कुहू खरं? मग मीच एक नियम ठरवला. पहाटे ह्यांचा मोबाइल घेऊन तांदळाच्या डब्यात खोल पुरायचा. जेवण झालं की परत द्यायचा. मग गच्चीच्या दारात बसायचं आणि काकाकुव्यावरची नजर हलवायची नाही. ती डोळ्यांसमोर, चोच मिटलेली, आणि तरीही कुठून तरी कुहू आलं, तरच ती कोकिळा. तरच जेवायचं.

अशी मी पक्षीनिरीक्षक झाले. लोक त्यासाठी दुर्बिणी घेऊन कुठं कुठं जातात म्हणे. मी जपमाळ घेऊन पाटावर बसायची. दिवस दिवस बघितल्यावर मला ती कळायला लागली. पाऊस आला की पंख पसरून फांदीवर उलटी लटकून न्हायची, आणि मग अंग झाडलं की पिठाच्या गिरणीत उडावी तशी पांढरी भुकटी उडायची. मंगलताई गच्चीवर दिसल्या की तुरा उघडायची. माझ्यासाठी कधी उघडला नाही. भार्गवी म्हणाली, म्हणजे तुला ती घाबरत नाही. उजव्या पायावर पिसं नव्हती, साखळीच्या कड्यानं पडलेली एक काळी घट्ट वळी होती. आणि दिवस मावळताना ती शेवरीच्या शेंड्यावर जाऊन मोठ्यांदा हाका मारायची. एक हाक मारायची आणि मान वाकडी करून थांबायची. कुणी ओ द्यायचं नाही. पुन्हा हाक, पुन्हा थांबणं. खालून कुणीतरी ओरडायचं, "ए, बंद करा तिला." मग ती कुहू म्हणायची. तेवढंच लोकांना चालतं, हे तिला कळलं होतं.

खरी कोकिळा कधी तिन्हीसांजेला ओरडली, कधी ओरडलीच नाही. तेव्हा मी तुळशीचं पान घेऊन झोपले. हे मात्र उपाशी राहिले नाहीत. मंगलताईंकडून डबा यायचा. सासूबाईंची शिस्त ह्यांना त्या डब्यापुरती आठवत नसे. मंगलताई सगळीकडे सांगायच्या, "त्यांचं व्रत आणि ह्यांचे हाल."

पौर्णिमेला, म्हणजे शेवटच्या दिवशी, सकाळीच एक मोठी गाडी फाटकात लागली. सांगलीचे जयराज म्हणून एक गृहस्थ होते. त्यांचं मंगल कार्यालय आहे. कुणीतरी फोनवर पक्ष्याचा फोटो फिरवला, तो त्यांच्यापर्यंत पोचला. गळ्यात सोनं, मागं ड्रायव्हर, ड्रायव्हरच्या हातात पिंजरा आणि जाळं.

"काकू, आमचा राजा हाय ह्यो," जयराज म्हणाले. "गेटवर ठेवतो आमी. नवरा-नवरी येत्यात, खांद्यावर घेत्यात, फोटो काढत्यात. लय डिमांड. गेल्या लग्नसराईत साखळी तोडून गेला बघा."

"ही मादी आहे," मी म्हटलं.

"काय म्हनला?"

"डोळा तांबूस आहे. नराचा काळा असतो."

ते हसले. "न्हाई हो, राजाच हाय. बोलतोय का? आमच्यात कवा बोलला न्हाई."

"मग तुमचाच कशावरून?"

हे मधे पडले. "अगं, त्यांचा नाही तर कुणाचा? कराडात काकाकुवे उगवतात का?" आणि त्यांच्याकडे वळून, "तुम्ही काळजी करू नका. तो हिच्या नैवेद्यावर रोज येतो, अगदी हातातून खातो. नैवेद्य ठेवला की तुम्ही जाळं टाका. ही ठेवील की."

"राजा असू दे न्हाईतर राणी," जयराज म्हणाले, "पिंजरा त्योच हाय."

उद्यापनाला गुरुजी आले होते. मंगलताई आणि बाकीच्या आल्या होत्या, व्रत नसलं तरी जेवण होतं. सगळे गच्चीवर. जयराज आणि ड्रायव्हर टाकीमागं जाळं घेऊन दबून बसले. मी दारात पाटावर, हातात नैवेद्याचं ताट, पुरणाचं, वाटीत हरभरा. समोर शेवरीवर ती बसलेली, पाऊस थांबल्यामुळे पिसं विंचरत.

आणि पलीकडच्या शेतातल्या आंब्यातून कोकिळा ओरडली. इतक्या दिवसांत इतकी स्वच्छ कधी ओरडली नव्हती. मी काकाकुव्याकडे पाहिलं. चोच मिटलेली, पंखात खुपसलेली. मोबाइल तांदळात. सगळं नियमाप्रमाणे होतं.

"आली! ऐकलंत?" मंगलताई ओरडल्या. "ठेवा, ठेवा नैवेद्य! पुरं झालं व्रत!"

काकाकुव्यानं माझ्या हातातलं ताट बघितलं आणि पंखातून मान काढली.

"ठेव ना," हे म्हणाले.

"नाही ठेवत," मी म्हणाले.

कुणाला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हणाले, माझ्या मानानं मोठ्यांदा, "मी आज नैवेद्य ठेवणार नाही."

"अहो, मग जेवणार कशा? आज शेवटचा दिवस आहे!"

"नाही जेवणार."

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "वहिनी, कोकिळा ऐकूनही नैवेद्य अडवला तर व्रत मोडतं. एवढ्या दिवसांचं पाण्यात जाईल. तुमची श्रद्धा—"

"भाव महत्त्वाचा ना, गुरुजी?" मी विचारलं. त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं.

मी ताट पदराखाली झाकून घेतलं. तिच्याकडे बघून हात हलवला, जा म्हणून. इतके दिवस ये म्हणून हात केला होता, तिला जा कसं समजणार? ती एक फांदी जवळ आली.

हे जिन्याकडे वळले. खाली गेले. तांदळाच्या डब्याचं झाकण पडल्याचा आवाज मी वर ऐकला. परत आले ते हातात मोबाइल घेऊन, बोटांना तांदूळ चिकटलेले, आणि खिशातून मूठभर शेंगदाणे काढत. टाकीपाशी उभे राहिले आणि बटण दाबलं. कुहू, कुहू, कुहू.

तिनं लगेच ओ दिली. कुहू म्हणत शेवरीवरून सरळ निघाली ती ह्यांच्या मनगटावर येऊन बसली. शेंगदाणा डाव्या पायात घेतला. तो तोंडापर्यंत न्यायच्या आत जाळं पडलं.

ती फार ओरडली. मग पिंजऱ्यात घातल्यावर गप्प झाली. तुरा उघडा होता, तो मिटला नाही.

जयराज ह्यांच्या पाया पडले. पेढ्यांचा मोठा डबा दिला. "साहेब, तुमच्यामुळं झालं बघा. काकू, कवा सांगलीला आलासा तर या कार्यालयावर. फुकट फोटो काढू." गाडी गेली. गच्चीवर थोडी पांढरी भुकटी राहिली होती, ती पावसानं गेली. मंगलताई म्हणाल्या, "शेवटी भाऊजींनीच सोडवलं हो सगळ्यांना." आणि केबलवाल्याला फोन लावायला खाली गेल्या.

मी खाली आले. गुरुजी पाटावर बसून होते. पुरण झालेलं होतं, उद्यापन नव्हतं, आणि अशा वेळी उठून जावं की थांबावं याचा शास्त्राधार त्यांना सापडत नव्हता. ह्यांना आता थोडी काळजी वाटत असावी, कारण त्यांनी पेढ्याला हात न लावता विचारलं, "गुरुजी, हिचं व्रत मोडलं म्हणजे नक्की काय झालं हो?"

गुरुजी गंभीर झाले. "मोडलंच म्हणायचं. कोकिळा ऐकली, नैवेद्य दिला नाही, उद्यापन नाही. म्हणजे फळ नाही. पुढच्या जन्मी हाच पती लाभेल, याची आता खात्री देता येत नाही."

"काही उपाय?"

"पुढच्या अधिक आषाढापर्यंत तरी नाही."

मी आत गेले आणि गुरुजींच्या दक्षिणेवर आणखी एक नारळ ठेवला.